मगरीच्या हातात छत्री द्यायच्या आधी: जलरंगातल्या या चुका टाळा

पावसाळा लागला की माझ्याकडे नवे विद्यार्थी येतात. शाळकरी मुलं येतात, निवृत्त काका येतात, नोकरी सांभाळून संध्याकाळी धावत येणाऱ्या मुली येतात. बडोद्यात राहायचं आणि मगरींची विश्वामित्री नदी डोक्यात नाही असं होतच नाही, त्यामुळे बहुतेकांच्या मनात चित्रही तयार असतं. मगर छत्री घेऊन चालली आहे, कासवाच्या पाठीवर बाग फुलली आहे, बगळा नदीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या दोरीवर वाळत घालतोय. हे विषय मला फार प्रिय आहेत. गेली कित्येक वर्षं मी स्वतः हेच काढते. पण दरवर्षी चुकाही त्याच होतात, आणि त्या चुकांमुळे चांगली कल्पना वाया जाते याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकदा लिहून काढते आहे.

सगळ्यात मोठी चूक रंगांची नाहीच. मगर न बघता मगर काढायची, ही ती चूक.

ही चूक मी केलेली आहे. काही वर्षांपूर्वी मी नदीवरचं एक कॅलेंडर रंगवलं होतं. जानेवारीच्या पानावर एक मगर विश्वामित्रीच्या काठावर बसून बासरी वाजवते आहे, असं चित्र होतं. बासरीला शोभावं म्हणून मी तिचा जबडा लांब, निमुळता, नाजूक केला. छपाई झाली, दोनशे प्रती हातात आल्या, लोक कौतुक करत होते. पुरात वस्तीत शिरलेल्या मगरी पकडून परत सोडणारा एक स्वयंसेवक मुलगा ते पान बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “बेन, चित्र सरस छे, पण आ मगर नथी. आ तो घडियाल छे.”

त्याचं बरोबर होतं. लांब चिमट्यासारखा जबडा घडियालचा, म्हणजे आपल्या सुसरीचा. ती चंबळेत राहते, विश्वामित्रीत नाही. ‘आपली शेजारीण’ असं शीर्षक देऊन मी दुसऱ्याच गावच्या प्राण्याचं तोंड छापलं होतं. उरलेल्या प्रती मी विकल्या नाहीत. ते पान नव्याने काढलं, पण त्याआधी तीन महिने नुसती मगर बघितली.

हिवाळ्यात सकाळी ऊन वर आलं की मगरी काठावर येऊन पडतात. कमाटीबागेच्या बाजूच्या पुलावरून दुर्बिणीने छान दिसतात. पुलावरूनच बघा, काठावर उतरू नका. चित्रासाठी कुणी पाण्याजवळ जावं एवढं कुठलंच चित्र मोठं नसतं. बघताना काय टिपायचं? जबडा रुंद आणि बोथट. तोंड मिटलेलं असतानाही खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला, जवळजवळ एका पातळीत, म्हणून बाकीचं सगळं अंग पाण्याखाली ठेवून ती श्वासही घेते आणि आपल्याकडे बघतही राहते.

मग गंमत आपोआप सुचायला लागते. मगर मातीच्या काठात बीळ खणते. काठावरच खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं. आता काढा ना एक मगरआई, अंड्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप बघणारी! बिळाच्या दाराला पडदा लावणारी आणि समोर काँक्रीटची भिंत बघून थबकलेली मगर काढा. हे कुठल्याही तयार कार्टूनमध्ये मिळणार नाही. फोनवर ‘क्यूट क्रोकोडाइल’ शोधून पहिलं चित्र गिरवणाऱ्यांना मी सरळ घरी पाठवते. आधी तीन खरी रेखाटनं, मग एक गमतीचं, असा माझ्याकडे नियम आहे.

पक्ष्यांचंही तसंच. डभोईजवळ वढवाणा तलावावर थंडीत पट्टकादंब हंस येतात. २०२१ मध्ये तो तलाव रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. हिमालय ओलांडून आलेल्या हंसाला मफलर जरूर घाला, पण डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्या नीट काढा. त्या चुकल्या तर तो कुठलाही दुसरा पक्षी होतो आणि मफलरचा अर्थच उरत नाही.

आता ब्रश. याबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही. बाजारात अजूनही मुंगसाच्या केसांचे ब्रश मिळतात. दुकानदार गल्ल्याखालून काढून “ओरिजिनल आहे” असं सांगतो. केस ताठ असतात, टोकाला गडद, मध्ये मळकट पांढरट आणि मुळाशी पुन्हा गडद. वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित आहे. हे ब्रश विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि एवढेसे केस मिळवायला मुंगूस मारावंच लागतं. एकदा एक नवा विद्यार्थी ‘जंगल वाचवा’ असं चित्र रंगवत बसला होता आणि त्याच्या हातात हाच ब्रश होता. त्याला माहीत नव्हतं, बिचाऱ्याचे डोळे भरून आले. चांगला सिंथेटिक गोल ब्रश, आठ आणि बारा नंबरचा, एवढे दोन पुरतात. टोक नीट जुळतं की नाही हे दुकानातच पाण्यात बुडवून, झटकून बघा. बघू देत नसतील तर दुसरं दुकान.

यानंतरची चूक हजार वेळा समजावली तरी होतेच: अर्धवट ओल्या कागदाला हात लावणं.

वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ रंगाचा थर, सोडल्यावर कागदाच्या तीन अवस्था असतात. पहिली चकाकणारी. तिच्यात दुसरा ओला रंग सोडला तर तो मऊ पसरतो, धुकं आणि ढग छान उतरतात. तिसरी पूर्ण कोरडी. तिच्यावर रेषा आणि कडा स्वच्छ येतात. घात मधल्या अवस्थेत होतो. चमक गेलेली असते, कागद कोरडा वाटतो, पण आत ओल असते. अशा वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की नवं पाणी आधीच्या रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि कडेला ते साचून बसतात. फुलकोबीसारखा कातरलेला डाग पडतो. आकाशात पडला तर दुसरीकडे नजर जातच नाही.

माझ्याकडे एक मुलगी येते, बँकेत काम करते, हात फार सुंदर आहे तिचा. तिने सूरसागर तलावावर संध्याकाळचं आकाश रंगवलं होतं, खाली पाण्यात माशांची शाळा भरलेली, मास्तर कासव. आकाश असं उतरलं होतं की मी थांबून बघत राहिले. ऑगस्टचा महिना, बाहेर संततधार. तिला घरी जायची घाई. “मावशी, सुकलंय,” म्हणाली. मी हात लावून बघ म्हणेपर्यंत तिने हेअर ड्रायर फिरवला आणि लगेच वरून घारींचे गडद ठिपके दिले. प्रत्येक घारीभोवती एक एक फुलकोबी उमलली. मग ती ते डाग पुसायला गेली, आणि पुसताना कागदाचे तंतू वर आले. तीन तासांचं काम पाच मिनिटांत गेलं. ती रडली. खरं सांगते, मलाही फार लागलं.

ड्रायरने वरचा थर सुकतो, आतली ओल तशीच राहते. वॉश पातळ असेल तर गरम हवेने रंग एका बाजूला लोटला जातो, ते वेगळंच. परदेशातल्या व्हिडिओत “दोन मिनिटं थांबा” असं सांगतात, ते त्यांच्या हवेला ठीक असेल. आपल्याकडे मे महिन्यात पाच मिनिटांत कागद खडखडीत होतो, एवढं की आकाश पुरं होईपर्यंत वरची कड सुकलेली असते. जुलैत तोच कागद तासभर दमट राहू शकतो. घड्याळ बघू नका. हाताची मागची बाजू कागदाजवळ नेऊन हलकेच टेकवा. गार लागला तर आत ओल आहे.

मी स्वतः नेहमी दोन चित्रं शेजारी घेऊन बसते. एकाचा वॉश सुकेपर्यंत दुसऱ्याचं रेखाटन. दुसरंही ओलं असेल तर उठते, कुकर लावते, गॅलरीतल्या झाडांना पाणी घालते. ज्यांना एका बैठकीत चित्र संपवायचंच आहे त्यांनी दुसरं माध्यम घ्यावं. जलरंगात अर्धं काम पाणी करतं, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो.

डाग पडलाच तर? हात मागे घ्या. पूर्ण सुकू द्या. मग स्वच्छ ओलसर ब्रशने फक्त कड मऊ करा, टिशूने टिपा. नाहीतर त्या आकारात काय दडलंय ते बघा. झुडूप, ढग, शेवाळ यांना अशी कातरलेली कड शोभते. घासायचं मात्र नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

वहीच्या किंवा चार्टच्या कागदावर जलरंग करू नका. तो फुगतो, वाकतो, पाणी खळग्यात साचतं. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागद घ्या. पैसे वाचवायचे तर रंगांच्या संख्येत वाचवा, सहा ट्यूब पुष्कळ होतात. आपल्याकडे होजियरीच्या सुती कात्रणांपासून हातकागद बनतो, मला तो मनापासून आवडतो, पण प्रत्येक गठ्ठ्याला खळ सारखी नसते. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच शोषला गेला तर त्यावर वॉश टिकणार नाही, तो कागद पेन्सिलीसाठी ठेवा.

ट्यूबमधला हिरवा तसाच फासू नका. या शहराचं नावच वडावरून पडलं आहे, आणि इथले विद्यार्थी वड प्लास्टिकच्या तोरणासारखा रंगवतात. वडाची कोवळी पानं लालसर, पिंपळाची तांबूस, जुनी पानं निळसर गडद. अल्ट्रामरीन हा गडद निळा, एक पिवळा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढ्यात सगळा वड होतो.

एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग घातले की चिखल होतो. काळी ट्यूब विकत घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून मगरीच्या पाठीला हवा तो करडा मिळतो, आणि त्यात जीव असतो.

झगझगीत गुलाबी रंगाने कमळं रंगवायचा मोह सगळ्यांना होतो. त्यातला चमकणारा भाग उन्हात फार लवकर उडतो. नवा रंग आणला की मी त्याची एक पट्टी काढते, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकते आणि पश्चिमेच्या खिडकीत तीन महिने चिकटवून ठेवते. दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग विकायच्या चित्रात जात नाही.

ग्लिटर वापरू नका. ग्लिटर म्हणजे प्लास्टिकचा चुरा. तो लावून नदी वाचवा म्हणायचं, हे मला पटत नाही.

ब्रश धुतलेलं पाणी कुंडीत ओतू नका. कॅडमियम, कोबाल्ट असलेले रंग झाडांना आणि पाण्यातल्या जिवांना घातक असतात. पॅलेटवर उरलेला रंग धुवायचा कशाला? तो सुकू द्या, उद्या पाणी लावलं की पुन्हा चालतो, जलरंगात डिंकच असतो. ब्रश आधी जुन्या सुती साडीच्या तुकड्याला पुसा, मग धुवा. माझ्याकडे गढूळ पाण्याची एक बादली आहे. ती गच्चीवर झाकून ठेवते, गाळ खाली बसतो, वरचं पाणी उन्हात आटतं, तळाचा गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात जातो. कटकट आहे, पण या गटारांचं पाणी कुठे जातं हे आपल्याला माहीत आहे.

आणि शेवटी रडणारी पृथ्वी. अर्धा गोळा हिरवा, अर्धा जळालेला, मोठ्ठा अश्रू, खाली घोषणा. अशी चित्रं मुलं शाळेच्या स्पर्धेसाठी काढतात आणि त्यांना बक्षिसंही मिळतात, म्हणून मोठी माणसंसुद्धा तेच काढत राहतात. त्या चित्रात एकही ओळखीचं झाड नसतं, एकही ओळखीचा नाला नसतो. बघणाऱ्याला काळजी वाटावी असं वाटत असेल तर आपल्या गल्लीतलं काही काढा.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि मगरी सोसायट्यांमध्ये आल्या. पाणी ओसरल्यावर पहिल्या वर्गाला माझ्याकडची अकरा वर्षांची एक मुलगी घरून चित्र घेऊन आली. त्यात एक मगर सोसायटीच्या फाटकाशी उभी होती, अंगावरून पाणी निथळत होतं, आणि वॉचमन रजिस्टर पुढे करून विचारत होता, “कोणाकडे जायचंय?” रजिस्टरमध्ये मगरीने पत्त्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता: इथलीच. मी विचारलं, “पांढरा रंग कुठे वापरलास?” कारण मुलं हमखास पांढऱ्या ट्यूबने दात काढतात आणि ते खडूसारखे दिसतात. ती म्हणाली, “कुठेच नाही, मावशी. दाताची जागा आधीच सोडली होती.” तोंड मिटलेलं होतं, आणि खालच्या जबड्यातला चौथा दात कोऱ्या कागदाचा, स्वच्छ, बाहेर दिसत होता.