वाचनाची सुरुवात शब्द घडवणाऱ्या अक्षरांपासून करावी
लहान मुलांना वाचन शिकवताना ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंतची अक्षरे ओळीने पाठ करून घेण्यापेक्षा, ज्यांपासून लगेच शब्द तयार होतात अशी चार-पाच अक्षरे आधी निवडावीत. म, न, ग आणि र एवढी अक्षरे ओळखता येऊ लागली की मूल मन, गरम, नरम, नगर, मगर हे शब्द स्वतः वाचू शकते, आणि त्यांत काना मिळवला की नाग, राग, गार, मान हेही त्याच्या आवाक्यात येतात. अक्षरओळख घाईने उरकण्यापेक्षा हा शब्द जुळवण्याचा खेळ अधिक दिवस चालू द्यावा, असे मला वाटते.

भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांसारखी दिसायला जवळची अक्षरे एकदम शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावरच दुसरे घ्यावे. पहिल्या वेलांटीला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो, कारण ती अक्षराच्या आधी लिहिली जाते पण तिचा उच्चार नंतर होतो, आणि ही अडचण सरावलेल्या मोठ्या माणसांच्या सहसा लक्षातही येत नाही.

लेखनात पेन्सिलची घाई नको. आधी बोटाने वाळूत मोठे अक्षर गिरवून घ्यावे. पुढे मुलाने आपल्या मनाने ‘पाणी’ऐवजी ‘पाणि’ लिहिले, तर त्याने ध्वनी नीट ऐकला आहे हे ओळखून, शब्द न खोडता शेजारी शुद्ध रूप लिहून दाखवावे.