एलसीएमईसाठी विद्यार्थी अहवाल लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेत एमडी (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता देण्याचे काम एलसीएमई ही संस्था १९४२ पासून करते. साधारणपणे दर आठ वर्षांनी तिचे पथक महाविद्यालयाची पूर्ण पाहणी करते. त्याआधी महाविद्यालयाला स्वतःचे परीक्षण लिहून द्यावे लागते, आणि त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांनी स्वतः सर्वेक्षण करून लिहिलेला एक वेगळा अहवालही जातो. त्याचे नाव इंडिपेंडंट स्टुडंट अ‍ॅनालिसिस. बोलताना सगळे ‘आयएसए’ म्हणतात. अध्यापक म्हणून मी दोन महाविद्यालयांत ही फेरी जवळून पाहिली आहे. आता आपल्या मराठी घरांतली मुलेही हा अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थी समित्यांवर दिसू लागली आहेत, याचा आनंद आहे. मात्र चुका जुन्याच होत आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक समजुतीतली आहे. महाराष्ट्रात शिकणाऱ्या भावंडांकडून नॅकच्या (भारतातील महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी संस्था) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाविषयी ऐकलेले असते. तिथे प्रश्न नॅकचे असतात आणि विद्यार्थ्याने उत्तरे भरली की त्याचे काम संपते. इथे काही प्रश्न एलसीएमईने ठरवून दिलेले असले, तरी त्यांत भर घालणे, सर्वेक्षण राबवणे, आकडे मांडणे आणि अहवाल लिहिणे ही सगळी कामे विद्यार्थ्यांची असतात. प्रशासनाकडून सॉफ्टवेअर घ्यावे, तक्ते करण्यासाठी माणूस मागावा. प्रश्नांचा किंवा अहवालाचा मसुदा मात्र त्यांच्याकडून घेऊ नये.

ज्या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो, ती म्हणजे चारही वर्षांची मिळून एकच सरासरी काढून मोकळे होणे. एका महाविद्यालयात नवी इमारत नुकतीच उभी राहिली होती. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुले तिथल्या अभ्यासिकेवर खूश होती आणि त्यांनी सर्वेक्षणही उत्साहाने भरले होते. तिसऱ्या वर्षाची मुले क्लर्कशिपसाठी, म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी, पहाटेपासून रुग्णालयात असत. त्यांच्यापैकी निम्म्यांनीही उत्तरे दिली नव्हती. समितीने सगळ्यांची गोळाबेरीज केली, तीनचतुर्थांशांहून अधिक विद्यार्थी समाधानी आहेत असे निघाले, आणि अहवालात ‘जागा व सुविधांबाबत विद्यार्थी समाधानी आहेत’ असे एक गुळगुळीत वाक्य आले. वर्षवार तक्ते शेवटी जोडलेले होते, पण ते उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. तो अहवाल मीही वाचला होता आणि मलाही त्यात काही खटकले नव्हते, हे इथे कबूल केले पाहिजे.

पथक आल्यावर विद्यार्थ्यांबरोबर जेवणाची बैठक झाली. पथकातील एकाने तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला सहज विचारले की रुग्णालयात सामान कुठे ठेवता. तिने खुर्चीखालची पाठपिशवी उचलून दाखवली आणि सांगितले की ही दिवसभर माझ्याजवळच असते, कारण लॉकर नाहीत. अभ्यासाची जागा, विश्रांतीची जागा आणि सामान सुरक्षित ठेवण्याची सोय या गोष्टी एलसीएमईच्या निकषांत स्पष्ट लिहिलेल्या आहेत, आणि त्या रुग्णालयातील प्रशिक्षणालाही लागू होतात. दुपारपर्यंत पथकाने वर्षवार तक्ते समोर घेतले होते. लॉकर पुढे बसले, पण तोवर त्रुटीची नोंद झालेली होती. ते बसवायला दोन महिनेही लागले नसते. कोणीतरी वेळेवर सांगायला हवे होते, आणि ते सांगण्यासाठीच तर हा अहवाल असतो.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की विद्यार्थ्यांना प्रत्येक प्रश्नासाठी चार वर्षांचे चार आकडे शेजारी शेजारी मांडायला सांगतो आणि ज्या ओळीत मोठी तफावत दिसेल तिच्यावर आधी लिहायला लावतो. एकूण सरासरी सर्वांत शेवटी काढावी. प्रतिसादाची टक्केवारीही प्रत्येक वर्षाची वेगळी पाहावी, आणि ती सत्तरच्या खाली असेल तर सर्वेक्षण बंद करू नये. तिसऱ्या वर्षाला ईमेलवर ईमेल पाठवून काही होत नाही. क्लर्कशिपच्या अखेरीस सगळे एका वर्गात जमतात तेव्हा अर्धा तास मागून घ्यावा. पिझ्झाचे आमिष मला पसंत नाही, पण पिझ्झ्याने काम झाले तर मी तक्रार करणार नाही.

आणखी एक मोठी चूक उतावीळपणाची, आणि ती दोन तोंडांची आहे. आधी वर्षभर कोणी हालचाल करत नाही, मग ‘सर, दोन आठवड्यांत उरकून टाकतो’ असे म्हणत समितीचा प्रमुख दारात उभा राहतो. कागदपत्रांचा संच पथकाच्या भेटीच्या काही महिने आधीच द्यावा लागतो. त्या तारखेला टेकून अहवाल आला, तर महाविद्यालयाला दुरुस्ती करायला वेळच उरत नाही. भेटीच्या किमान दीड वर्ष आधी समिती बसवावी, असे मी सांगतो, आणि नवी मुले हसतात. घाईत मोकळ्या अभिप्रायांचा सारांश एखाद्या चॅटबॉटकडून करून घेण्याची नवी पळवाटही निघाली आहे. अभिप्राय समितीतील दोघांनी स्वतंत्रपणे, मुळातून वाचावेत; गैरवर्तनाविषयीचे अभिप्राय तर नक्कीच. अहवालात कोणत्याही अध्यापकाचे नाव येऊ देऊ नये.

निकष न वाचता तक्रारी लिहिणे हीही नेहमीची गोष्ट. ‘गुण उशिरा मिळतात’ हे वाक्य कोणीही लिहू शकतो. पण विषय किंवा क्लर्कशिप संपल्यापासून सहा आठवड्यांत अंतिम गुण मिळाले पाहिजेत हे ठाऊक असेल, तर कोणत्या क्लर्कशिपमध्ये ती मर्यादा ओलांडली गेली हे नेमके लिहिता येते.

ठरवून दिलेल्या प्रश्नांची शब्दरचना बदलू नये. पथकाशी बोलण्याची तालीम करू नये; पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जी देशव्यापी पदवी प्रश्नावली भरतात, तिचे निकाल आपल्या आकड्यांशी आधीच ताडून पाहावेत, कारण पथकही तेच करते.

आणखी एक अडचण फेरीच्या रचनेतच आहे. भेट आठ वर्षांनी आणि शिक्षण चार वर्षांचे, त्यामुळे मागच्या वेळच्या समितीतला एकही विद्यार्थी पुढच्या वेळी आवारात नसतो आणि प्रत्येक समिती पाटी कोरी घेऊन बसते. प्रश्नावली, वेळापत्रक आणि कुठे अडलो याची दोन पानांची प्रांजळ नोंद ग्रंथालयात ठेवून जावी. अधिष्ठाता कार्यालयात ती ठेवू नये. तिथली माणसेही आठ वर्षांत बदलतात.