हंगामाच्या मध्यात नेम बिघडला तर

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये धनुष्यानं हरणाची शिकार करायचा हंगाम 1 ऑक्टोबरला उघडतो आणि लोकांचा नेम बिघडतो तो दिवाळीच्या आसपास. सप्टेंबरात परसात 30 यार्डांवरून बाणाला बाण घासत असतो, आणि नोव्हेंबर लागला की 20 यार्डांवरचं हरीणसुद्धा पांढरी शेपटी वर करून निघून जातं. यात करणी-बिरणी काही नाही. हंगाम सुरू झाला की सुट्टीचे दिवस झाडावरच्या स्टँडवर, म्हणजे माचाणावर, जातात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की ऑफिसातून घरी पोचेस्तोवर मिट्ट काळोख. सराव बंद, थंडी वाढती, अंगावर कपड्यांचे थर, आणि धनुष्य आठवडाभर गाडीच्या डिकीत.

मी मूळची साताऱ्याची, आता ग्रँड रॅपिड्सजवळ राहते. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार नाहीच, त्यामुळे हे सगळं शिक्षण इथलं. ज्यांनी कंपाउंड धनुष्य हातात घेतलेलं नाही त्यांनी 2023 साली बर्लिनला जगज्जेते झालेले आपले ओजस देवतळे आणि आदिती स्वामी आठवावेत (आदिती तर आमच्या साताऱ्याची!). दोन्ही टोकांना चाकं, दोरीत बसवलेलं, डोळ्यानं आरपार बघायचं पीपचं भोक, समोर नेम धरायच्या साइटची पिन, आणि दोरी बोटांनी न सोडता रिलीज नावाच्या हातातल्या साधनाच्या खटक्यानं सोडायची. शिकारीचं धनुष्य त्याच जातीचं, फक्त आखूड.

नेम गेला म्हणून हातपाय गाळण्याआधी एक गोष्ट तपासा: तो तुमचा नेम होता का? बाण पाठीवरून गेला असेल आणि हरीण आधीच कान टवकारून उभं असेल, तर बहुधा ते खाली बसलं. माझा बाण सेकंदाला 250 फुटांच्या आसपास जातो. 20 यार्ड म्हणजे 60 फूट; त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र 60 फूट जायला सेकंदाचा विसावा भाग घेतो. उरलेल्या वेळात हरीण उडी मारण्यासाठी पाय दुमडतं आणि अंग खाली जातं. अशा चुकलेल्या बाणावरून साइट हलवायला घेतलीत तर चांगलं जुळलेलं धनुष्य बिघडवून ठेवाल. बिचकलेल्या हरणावर बाण सोडू नये, किंवा सोडायचाच तर छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर पिन ठेवावी. मी सोडत नाही.

हरीण निवांत चरत होतं आणि तरी बाण भलतीकडे गेला, तर मग तपासणी. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण इथे बाजूला ठेवा, कारण अंगण खरोखर वाकडं असू शकतं. आधी धनुष्य बघायचं, मग कपडे, मग स्टँड, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं डोकं. बहुतेक जण उलट्या क्रमानं जातात आणि महिनाभर स्वतःला दोष देत बसतात.

धनुष्यात काय बघायचं? ऑगस्टमध्ये सगळं जुळलेलं असताना चंदेरी मार्करनं खुणा करून ठेवलेल्या असतील तर पाच मिनिटांचं काम. साइट जिथे स्क्रूनं बसते तिथे, रेस्टच्या (बाण टेकवायच्या आधाराच्या) पट्टीवर, धनुष्याचे बाहू आवळणाऱ्या लिंब बोल्टवर, डी-लूपच्या (रिलीज अडकवायच्या छोट्या कडीच्या) दोन्ही गाठींशी दोरीवर, आणि पीपच्या वर-खाली. एकही रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला. खुणा नसतील तर अॅलन कीनं प्रत्येक स्क्रू हलकेच तपासा; कच्च्या रस्त्यावरून हेलकावे खात गेलेल्या गाडीत साइटचे स्क्रू ढिले होतातच. दोरी नवी असेल तर ती ताणून थोडी लांबते, पीप फिरतं आणि डोळ्यासमोर पूर्ण गोल येत नाही. आपण नकळत मान वाकडी करून ते गोल करून घेतो, आणि तिथेच नेम जातो. दोन चाकांचे थांबे एकाच वेळी टेकतात का, हे धनुष्य ओढलेलं असताना दुसऱ्या कुणी बाजूनं बघावं लागतं. ते जुळत नसेल, किंवा दोरी, पीप बदलायचं असेल, तर सरळ दुकानात जा. प्रेसशिवाय, म्हणजे धनुष्य दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्राशिवाय, घरी प्रयोग करू नका.

बाणही बघा. ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पातं) लावलेला बाण टोकावर उभा धरून भिंगरीसारखा फिरवा. टोक थरथरलं तर ते पातं नीट बसलेलं नाही किंवा बाण वाकडा आहे. कार्बनचा बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवा, करकर ऐकू आली तर मोडून कचऱ्यात. सरावाच्या फील्ड पॉइंटवर (बिनपात्याच्या साध्या टोकावर) सगळं ठीक आणि ब्रॉडहेडवर भलतीकडे, असं असेल तर साइटला हात लावायचा नाही. 20 यार्डांवरून दोन्हींचे तीन-तीन बाण मारून बघा. ब्रॉडहेड डावीकडे लागत असतील तर रेस्ट उजवीकडे सरकवा, खाली लागत असतील तर वर. एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, त्याहून जास्त नाही. दोन्ही एका जागी लागायला लागले की मगच साइट, आणि ती बाण ज्या बाजूला जातात त्याच बाजूला हलवायची. बाणाची पिसं रेस्टला घासतात अशी शंका असेल तर पिसांच्या कडेला लिपस्टिक लावून एक बाण मारा. रेस्टवर लाल ओरखडा दिसला की उत्तर मिळालं. हा उपाय आमच्या इथल्या पुरुषमंडळींना सुचत नाही. माझा नवरा अजून पायाला लावायचा पावडरचा स्प्रे शोधत असतो.

आता कपडे. हे प्रकरण नोव्हेंबरात जितकं नडतं तितकं दुसरं काही नाही. उन्हाळ्यात टी-शर्टमध्ये सराव केला, आता अंगात जाड जॅकेट. सुटलेली दोरी डाव्या बाहीला किंवा छातीवरच्या दुर्बिणीच्या पट्ट्याला नुसती शिवली तरी बाण फुटभर सरकतो. पूर्ण कपडे घालून, तोंडावर मास्क चढवून, हातमोजे घालून परसात धनुष्य ओढा आणि कुणाला तरी बाजूनं फोटो काढायला सांगा. दोरी आणि बाही यांच्यात हवा दिसली पाहिजे. बाहीवर घट्ट आर्मगार्ड बांधा, छातीवरचं सगळं सामान पाठीवर न्या. मास्कमुळे अँकर, म्हणजे दोरी ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकतो ती जागा, बदलतो. माझा अंगठ्याचा सांधा जबड्याच्या हाडामागे टेकतो; मध्ये जाड लोकर आली की तो पुढे सरकतो आणि पीपमधून पिन वेगळीच दिसते. मी मास्कचा उजवा गाल कात्रीनं कापून टाकला आहे. ध्यान दिसतं, पण हरणाला काय त्याचं!

थंडीत दोन तास निश्चल बसल्यावर 55 पौंड ओढणं आणि सप्टेंबरात घाम येईपर्यंत सराव करून 55 पौंड ओढणं यात फरक आहे. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवरून उचला, धनुष्य टार्गेटच्या रेषेत धरा आणि आभाळाकडे न नेता सरळ मागे ओढा. जमलं नाही तर धनुष्याचं ओढायचं वजन जास्त आहे. दोन्ही लिंब बोल्ट सारखेच सैल करून थोडं कमी करा, आणि मग साइट नव्यानं जुळवा. 48-50 पौंड आणि धारदार पातं हरणाच्या फुप्फुसांतून आरपार जायला पुरतं. पौंडांचा तोरा जिममध्ये मिरवा.

स्टँडवरून खाली मारताना लोक अंतराला दोष देतात. हिशोब करून बघा: बाण 18 फूट उंचीवरून सुटतो, हरीण बुंध्यापासून 20 यार्डांवर, तर तिरकं अंतर 21 यार्डही भरत नाही. एवढ्यानं बाण चुकत नाही. चुकतो तो नुसता हात खाली केल्यानं: खांद्यांची आणि हातांची सरळ रेषा मोडते, अँकर सरकतो. आधी समोर सरळ धरून धनुष्य ओढा आणि मग कमरेतून वाका. साइटवरचा पाण्याचा बुडबुडा मध्यावर आहे का ते बघा. उतारावर तो हमखास फसवतो. हे सगळं हार्नेस (पडू नये म्हणून झाडाला अडकवायचा पट्टा) बांधूनच, आणि तोही जमिनीवरून पाय उचलल्यापासून.

एवढं करूनही बाण चुकतात? मग डोकं. पिन हरणाच्या खांद्याजवळ येते न येते तोच बोट खटका दाबून मोकळं होतं, किंवा पिन खालीच अडकते, काही केल्या वर जात नाही. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि ते भल्याभल्यांना होतं. ‘शांत राहा’ हा सल्ला इथे कामाचा नाही. काम करतो तो कंटाळवाणा सराव: गॅरेजमध्ये चार-पाच पावलांवर फोमचा मोठा ठोकळा, त्यावर कुठलीही खूण नाही. धनुष्य ओढून रोख बघून घ्या, मग डोळे मिटा. पाठीचे स्नायू आवळत राहायचं, बोट खटक्यावर नुसतं टेकलेलं, आणि बाण कधी सुटला ते आपल्याला कळताच कामा नये. मी मनात ‘ओढ, टेक, ओढत राहा’ म्हणते. दुसरा सराव बाण न सोडण्याचा: 20 यार्डांवर खूण लावायची, पिन तिच्यावर ठेवायची, चार श्वास थांबायचं आणि दोरी हळूच परत आणायची. बोटाला कळलं पाहिजे की पिन जागेवर आली म्हणजे सुटायचा हुकूम नाही. हिंज रिलीज (खटका न दाबता हात फिरवून सुटणारं) असेल तर घरी तेच वापरा, पण हंगामात स्टँडवर नवं अवजार नेऊ नका.

यापुढे रोज बाणांचा ढीग मारायची गरज नाही. रोज एकच, ब्रॉडहेडचा, पूर्ण कपड्यांत, अंग गरम न करता. 15 ते 25 यार्डांमध्ये कुठेही उभं राहा, रेंजफाइंडरनं अंतर मोजा, सोडा, बाण काढा, घरात या. सकाळी ऑफिसला निघण्याआधी उजेड असतो तेवढ्यात होतं. मागे भक्कम आडोसा हवा, आणि गावात परसात बाण मारायला परवानगी आहे का ते टाउनशिपकडे विचारून घ्या. टार्गेटवर 6 इंचांची कागदी बशी लावा. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा त्याहून थोडी मोठीच असते, तेवढी सूट जंगलासाठी. तो थंडा पहिला बाण सलग आठवडाभर बशीत लागला की स्टँडवर परत जा. त्यातही पहिल्यांदा 15 यार्डांची मर्यादा, हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असेल तरच. जखमी होऊन पळालेलं हरीण रात्रभर टॉर्च घेऊन शोधायला लागलं तर त्याच्यापुढे रिकाम्या हातानं घरी येणं काहीच नाही.

आणि घाई नको. आमच्याकडे 15 ते 30 नोव्हेंबर बंदुकीचा हंगाम असतो. त्या दिवसांत धनुष्य घेऊन गेलात तरी नारिंगी कपडे सक्तीचे. 1 डिसेंबरपासून 1 जानेवारीपर्यंत पुन्हा धनुष्याचे दिवस. तारखा त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघून घ्या, आणि मधले दोन आठवडे गॅरेजमधल्या ठोकळ्याला द्या. डिसेंबरात बर्फ पडलेलं असतं आणि जॅकेटखाली आणखी एक थर चढतो, तेव्हा बाहीचा तो फोटो पुन्हा एकदा काढून बघा.