बायपासच्या वेळी फुप्फुसे कशी जपावीत

हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते सांभाळणाऱ्या यंत्रावर, केलेल्या बायपास शस्त्रक्रियेत रक्त काही काळ नळ्यांमधून फिरते. परक्या पृष्ठभागाचा स्पर्श होताच त्यातील पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि शरीरभर दाह उसळतो. याच वेळी फुप्फुसे जवळजवळ मिटलेली असतात आणि त्यांच्याकडे जाणारा मुख्य रक्तप्रवाहही बंद असतो. म्हणून नंतर त्यांचा काही भाग आखडलेला राहतो, कधी त्यात पाणीही धरते.

हा दाह आवरणे हे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि मशीन सांभाळणारे परफ्युजनिस्ट यांचे काम आहे. हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा लेप असलेल्या नळ्या वापरणे, जास्तीचे पाणी गाळून काढणे, रुग्ण योग्य असल्यास मशीनविना धडधडत्या हृदयावरच बायपास करणे, हे त्यांच्या हातातील काही उपाय आहेत. व्हेंटिलेटरचा श्वासही रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावर नव्हे, तर उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनावर, साधारणतः किलोमागे 6 ते 8 मिलिलिटर, असा बेतला जातो. मात्र दाह कमी करणारे स्टेरॉइड सर्वांनाच द्यावे, असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 7,507 रुग्णांच्या चाचणीत मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे मृत्यूचे प्रमाण घटले नाही.

रुग्णाच्या हातात जे आहे, ते त्याने शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करावे. तारीख पुढची असेल तर बिडी-सिगारेट किमान 4 आठवडे आधी, जमल्यास त्याहूनही लवकर सोडावी. दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नये. श्वास ओढताना विरोध करणाऱ्या उपकरणाने श्वसनस्नायूंचा व्यायाम करता येतो. 2006 मधील एका डच चाचणीत अशा तयारीमुळे जोखमीच्या रुग्णांमधील फुप्फुसांच्या तक्रारी शंभरात 35 वरून 18 वर आल्या. तथापि छातीत दुखत असताना हा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

रुग्णालयात तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाच्या व्यायामाचे उपकरण, मिळतो आणि अनेक जण त्यात जोराने फुंकतात, ज्याचा काहीही उपयोग नाही. ताठ बसावे, श्वास पूर्ण सोडावा, नळी ओठांत घट्ट धरावी आणि हवा सावकाश आत ओढावी. एखादा चेंडू दोन-तीन सेकंद वर टिकणे महत्त्वाचे. तिन्ही चेंडू झटक्यात उडवून दाखवण्याची ही स्पर्धा नव्हे. जागेपणी दर तासाला असे दहा श्वास घ्यावेत. चक्कर आल्यास थांबावे.

शस्त्रक्रियेनंतर दुखेल म्हणून खोकला दाबला जातो आणि कफ साचतो. वेदनाशामक वेळेवर मागून घ्यावे, लहान उशी दोन्ही हातांनी छातीवर घट्ट धरावी आणि मगच खोकावे. भेटायला आलेली मंडळी प्रेमाने “पडून राहा” म्हणतात, पण परवानगी मिळताच खुर्चीत बसणे आणि चालणे हेच फुप्फुसांच्या हिताचे असते. घरी गेल्यावर ताप, पिवळा-हिरवा कफ, वाढती धाप किंवा खोकताना छातीच्या हाडात टकटक जाणवल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.