पी५३ साठी वेस्टर्न ब्लॉट: अँटीबॉडी कशी वापरायची

नांदेड, लातूर, संभाजीनगरला पीएचडी करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे सॅम्पलमधली प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून हवं ते प्रोटीन अँटीबॉडीनं शोधायचं, ते पट्ट्यासारखं म्हणजे बँड म्हणून दिसतं. पी५३ हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर प्रोटीन (जीन चालू-बंद करणारं) बघायचं तर डीओ-१ हा मोनोक्लोनल क्लोन (उंदराच्या पेशींत बनलेली, एकाच जागी चिकटणारी अँटीबॉडी) बिनधास्त घ्या, पण आधी सॅम्पल बघा, हा माणसाचं पी५३ धरतो, उंदराचं धरत नाही.

पार्सल शक्यतो मे महिन्यात मागवू नका, आपल्याकडचं ऊन माहितीच आहे, आणि मागवलंच तर सोमवारी पाठवा म्हणावं, म्हणजे रविवारी गोडाऊनमध्ये पडून राहत नाही. आल्या आल्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून डेटाशीटवरच्या तापमानाला ठेवा. लाइट गेली की फ्रीजरचं दार अजिबात उघडायचं नाही, सारखं गोठणं-वितळणं झालं की अँटीबॉडी गेलीच समजा.

खरा जीव कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या सॅम्पलमध्ये आहे. एच१२९९ या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींत पी५३ नसतंच, तिथं ५३ किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास बँड आला तर बाकीच्या बँडवर विश्वास ठेवू नका. पॉझिटिव्हसाठी एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींना डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध द्या, डीएनएला इजा झाली की पी५३ वाढतं आणि बँड ठसठशीत दिसतो. हेला पेशी नकोत, त्यात एचपीव्ही विषाणूचं ई६ प्रोटीन पी५३ संपवत असतं.

बाकी नेहमीचंच, ५% दूध पावडरमध्ये तासभर ब्लॉकिंग (अँटीबॉडी नको तिथं चिकटू नये म्हणून), डीओ-१ १:१००० पातळ करण्यापासून सुरुवात करून रात्रभर ४ अंशाला, सकाळी टीबीएसटी बफरचे तीन वॉश, मग एचआरपी एन्झाइम (यानंच बँड दिसतो) जोडलेली अँटी-माऊस सेकंडरी, म्हणजे डीओ-१ ला धरणारी दुसरी अँटीबॉडी. तिच्यात सोडियम अझाइड टाकू नका, एचआरपी बंद पडतं.