वरच्या फ्लॅटमधून गळती: उगम कसा शोधावा आणि दुरुस्ती कशी करून घ्यावी

छताला ओल दिसली की शेजारीपाजारी दोनच सल्ले देतात. "वरच्यांना सांगा, बाथरूम तोडायला लावा," हा एक. "वॉटरप्रूफ पेंट मारून घ्या, बसेल," हा दुसरा. पहिला ऐकला तर वरच्यांची चांगली फरशी फुटते आणि गळती बऱ्याचदा जिथल्या तिथे राहते. दुसरा ऐकला तर पाणी स्लॅबमध्ये कोंडतं, आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालच्या काँक्रीटचा खपला सुटतो. सोसायटीच्या कमिटीत वर्षानुवर्षं गळतीच्या तक्रारी हाताळल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: उगम सापडल्याशिवाय छिन्नीला हात लावायचा नाही, आणि खालून कसलाही लेप द्यायचा नाही.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांना धरून लिहिलं आहे.

आधी वीज

पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या पॉइंटमधून थेंब पडत असेल तर त्या खोलीचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) खाली पाडा आणि इलेक्ट्रिशियन बघून जाईपर्यंत वर करू नका. स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून पाणी वाहत येतं, त्यामुळे हे दृश्य नेहमीचं आहे. म्हणून ते कमी धोक्याचं होत नाही.

अर्ज

सेक्रेटरींच्या नावे लेखी अर्ज, सोबत तारखेसह फोटो, आणि आपल्या प्रतीवर पोच. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो हा अर्ज नव्हे. अर्जात "वरच्या सभासदामुळे गळती होत आहे" असं लिहू नका, कारण ते तुम्हाला अजून माहीत नाही. "माझ्या बाथरूमच्या छतातून गळती होत आहे, कमिटीने संयुक्त पाहणी करावी" एवढंच पुरे. आगाऊ सूचना देऊन आलेल्या कमिटीला फ्लॅटची पाहणी करू देणं उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या नोंदवलेल्या नियमांनुसार, सभासदाला बंधनकारक आहे, तेव्हा पाहणीची मागणी म्हणजे कोणाकडे मागितलेली मेहेरबानी नाही.

तरीही कागद वर पोचण्याआधी स्वतः जिना चढून जा. "काका, आमच्याकडे पाणी उतरतंय. कुठून येतंय ते आपण दोघं मिळून बघू या का?" असं विचारलेल्या माणसाकडून चाचणीसाठी चार दिवस बाथरूम बंद ठेवायला मिळतं. नोटीस आधी आणि माणूस नंतर गेला, की तेच काका महिनाभर दार उघडत नाहीत.

उगम शोधणं

मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते या टप्प्याने, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तेही इथेच.

पहिली गोष्ट मनाशी धरा: डाग जिथे आहे तिथेच वर उगम असतो असं नाही. पाणी स्लॅबवरून उताराकडे सरकतं, वायरिंगच्या पाइपात शिरतं, बीमच्या कडेला जाऊन थांबतं आणि मग खाली येतं. हॉलमधला डाग बाथरूमच्या ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली पाणी निघून जातं त्या भांड्याचा, असू शकतो. डागावर बोट ठेवून "याच्या बरोबर वरची फरशी उघडा" म्हणणाऱ्या मिस्त्रीला काम देऊ नका.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडे बहुतेक बाथरूमचा स्लॅब खाली उतरवलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. हा कोबा स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. वरचं सगळं पाणी आज बंद केलं तरी खाली थेंब कित्येक दिवस पडत राहू शकतात. "काल दिवसभर बाथरूम वापरलं नाही, तरी गळतंय, म्हणजे आमच्याकडून नाही," असं वरचे अगदी प्रामाणिकपणे सांगतात आणि तरीही ते चूक असतं. एका दिवसाच्या चाचणीवर कोणताही निष्कर्ष काढू नका.

म्हणून आधी नुसतं बघा. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा, रोज त्याच जागेवरून फोटो घ्या. थेंब पडत असतील तर खाली भांडं ठेवून सकाळी आणि रात्री पाणी मोजा. आठवडाभरात एक नमुना दिसायला लागतो. रात्रंदिवस, वापर असो वा नसो, सारखंच पाणी येत असेल तर संशय भिंतीत गाडलेल्या पाण्याच्या लाइनीवर घ्या, कारण तिच्यात दाब कायम असतो. आंघोळी, धुणीभांडी झाल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप किंवा फरशी. पावसातच येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीच्या चौकटीच्या कडा, डक्ट (इमारतीचे उभे पाइप जातात ती पोकळी) किंवा गच्ची. मग वरच्यांची बाथरूम विसरा. जानेवारीत कोरडं आणि जुलैत ओलं असलेलं छत वरच्या घराच्या माथी मारलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. वरच्यांच्या एसीचा ड्रेन पाइप कुठे सोडला आहे तेही एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

नमुना कळला की चाचण्या, आणि त्या एका वेळी एकच. दोन चाचण्या एकत्र केल्या तर खाली पाणी आल्यावर कोणत्या चाचणीचं आलं ते कोणीच सांगू शकत नाही. प्लंबरला घाई असते. तुम्ही घाई करू नका.

सुरुवात पाण्याच्या लाइनीपासून, कारण ती गळत असेल तर पुढच्या सगळ्या चाचण्या खोट्या येतात. प्लंबरकडे हाताने चालवायचा प्रेशर पंप असतो. सगळे नळ काढून तोंडं बंद करायची, लाइनीत दाब भरायचा आणि काटा बघत बसायचं. काटा उतरत गेला तर लाइन फुटली आहे. गरम आणि गार पाण्याच्या लाइनी वेगवेगळ्या तपासा. गिझरची लाइन तपासायची राहून जाते आणि नेमका तिचाच सांधा ढिला असतो.

लाइन ठीक निघाली तर ट्रॅप आणि सांडपाण्याचा पाइप. फरशी कोरडी ठेवून, पाण्यात गडद रंग कालवून ते नरसाळ्याने थेट ट्रॅपमध्ये ओता, दिवसातून काही वेळा, दोन-तीन दिवस. कमोडसाठी वेगळा रंग, तोही वेगळ्या दिवशी. रंगाचं पाणी फरशीवर सांडू देऊ नका, टाइल्सच्या फटींत बसलेला रंग निघत नाही आणि मग भांडणाला नवं कारण मिळतं. खाली रंग दिसला तर प्रश्न मिटला. दिसला नाही तर मात्र "ट्रॅप चांगला आहे" असं लिहून देऊ नका. सिमेंट आणि कोब्यातून झिरपताना रंग गाळला जातो. पाणी स्वच्छ येतं, पण येतं. अशा वेळी रंगापेक्षा भांड्यातलं माप आणि पेन्सिलची रेघ जास्त खरं बोलतात.

शेवटी फरशी. ट्रॅपच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं, साधारण दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि २४ तास दार लावून ठेवा. वाऱ्याने पाणी थोडं आटतं, त्याचा बाऊ करू नका. पातळी ठळक उतरली आणि पुढच्या दिवसांत खालची ओल रेघेबाहेर सरकली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. बूच नीट बसलं नसेल तर पाणी ट्रॅपमधून निघून जातं आणि दोष फरशीवर येतो. म्हणून पहिला तासभर तिथे थांबा.

प्रत्येक चाचणीच्या आधी खालचं छत पुरेसं सुकू द्या किंवा निदान ओल वाढायची थांबू द्या. हे सगळं व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. लागू देत. चाचणीच्या वेळी वरचे, खालचे आणि कमिटीचा एक माणूस असे तिघं हजर हवेत, आणि निष्कर्षाच्या कागदावर तिघांच्या सह्या हव्यात. खर्चाची वेळ आली की "माझ्यासमोर झालंच नाही" हे वाक्य ठरलेलं असतं.

"बिना तोडफोड" म्हणून टाइल्सच्या फटी भरून देणाऱ्यांबद्दल विचारणा होतेच. फरशीची चाचणी नापास झाली आणि लाइन व ट्रॅप दोन्ही पास झाले, तर इपॉक्सी ग्राउटने फटी भरून बघणं शहाणपणाचं आहे. ट्रॅपचा सांधा गळत असताना फटी भरणं म्हणजे पैसे टाकून देणं. चाचणी न करता दर सांगणाऱ्याला घरात घेऊ नका.

खर्च कोणाचा

आपल्या सोसायटीने नोंदवलेल्या उपविधींची प्रत काढा आणि दुरुस्तीचं कलम स्वतः वाचा. आदर्श उपविधींत सोसायटीच्या खर्चाने करायच्या कामांची यादीच आहे: बाहेरच्या भिंती, गच्ची आणि तिचा कठडा, टाक्या, बाहेरच्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांतून होणारी गळती, फ्लॅटच्या छताची संरचनात्मक दुरुस्ती. यादीत नसलेलं काम सभासदाचं. म्हणजे वरच्यांच्या बाथरूममधला ट्रॅप, भिंतीतली लाइन, फरशीचं वॉटरप्रूफिंग हा वरच्या सभासदाचा खर्च. डक्टमधला उभा पाइप सोसायटीचा.

"निम्मं तुम्ही, निम्मं आम्ही" ही तडजोड मला मान्य नाही. उगम कागदावर सिद्ध झाला असेल तर अर्धा खर्च खालच्याने का सोसावा? शिवाय निम्मे पैसे देणारा निम्म्या दर्जाचं काम स्वीकारतो, आणि दोन पावसाळ्यांनी सगळं पुन्हा सुरू होतं. कमिटीकडे पैसे नाहीत हे उत्तरही सहज मान्य करू नका. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दराने गोळा करायची तरतूद आहे. तो कुठे आहे ते सर्वसाधारण सभेत विचारा.

वरचे ऐकतच नसतील तर

लोक सरळ सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे धावतात आणि तिथे काही महिने घालवतात. तक्रार कोणाकडे न्यायची याचीही यादी उपविधींत आहे, आणि सभासदांमधले किंवा सभासद व सोसायटी यांच्यातले दुरुस्तीचे आणि गळतीचे वाद तिने सहकार न्यायालयाकडे दिले आहेत. दावा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली होतो. तिथे तुमची पोच असलेला अर्ज, तारखांचे फोटो आणि सह्यांचा चाचणी अहवाल हेच कामाला येतात. वरच्यांनी बाथरूमची जागाच बदलली असेल, बेडरूमवर मोरी आणून ठेवली असेल, तर मंजूर नकाशा काढून महापालिकेकडे तक्रार करा.

बीम किंवा कॉलमला तडे असतील, सळई उघडी पडली असेल, तर हा एका बाथरूमचा विषय राहत नाही. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. शेवटचं कधी झालं ते लेखी विचारा.

दुरुस्ती आणि नंतर

काम मिस्त्रीला माहीत असतं. तुम्ही तीन गोष्टींवर अडून राहा. जुना कोबा पूर्ण निघाला पाहिजे, वरवर नव्हे. वॉटरप्रूफिंगचा थर फरशीवर न थांबता भिंतीवर फूटभर चढला पाहिजे आणि ट्रॅपच्या कडेने सलग हवा, कारण पाणी पहिली वाट तिथेच शोधतं. आणि टाइल्स लावण्याआधी पुन्हा पाणी भरून निदान ४८ तास ठेवलं पाहिजे. मिस्त्री म्हणेल, आमची गॅरंटी आहे, गरज नाही. पाणी भराच. टाइल्स बसल्यावर परत एकदा. झाकण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढून एक संच वरच्यांना आणि एक सेक्रेटरींना द्या. पुढच्या वेळी भिंतीला भोक पाडताना त्यांचा उपयोग होतो.

खालच्या छताला मात्र लगेच रंग देऊ नका. सुटलेलं प्लॅस्टर खरवडून काढा, सळई दिसत असेल तर ती घासून तिच्यावर गंजरोधक लेप देऊन घ्या आणि छत उघडं ठेवा. पांढरा खार फुटत राहील, कोरड्या ब्रशने झाडत जा. शेवटची पेन्सिलची रेघ आणि तारीख तशीच राहू द्या. एक पूर्ण पावसाळा त्या रेघेबाहेर ओल आली नाही की मग प्लॅस्टर आणि रंगाचं काम काढा.