लॉन काढा, भाजी लावा (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

ऐरोली, नेरूळ, खारघरला रो हाऊस किंवा तळमजल्याचा फ्लॅट घेतलेले बरेच जण पुढच्या तुकड्यात लॉन करतात, मग वर्षभर त्याला पाणी द्या, कापा, खत टाका, आणि खायला एक पान नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर एवढा पाऊस, तेव्हा तिथे भाजीच पिकवायला हवी. जागा सोसायटीची असेल तर आधी कमिटीला विचारा.

पहिलं काम मे महिन्यात. निम्मंच लॉन काढा, सगळं एकदम झेपत नाही. वरवर कापून माती टाकली तर गवत परत वर येणार, म्हणून कुदळीने खणून मुळं-कांड्या बाहेर काढायच्या आणि उन्हात खडखडीत वाळवायच्या. त्यात हरळी तर फार चिवट, पांढरी कांडी बोटभर जरी राहिली तरी फुटते, त्यामुळे ढेकळं हाताने फोडून बघा, कंटाळवाणं आहे पण इथे घाई केली की पावसाळाभर निंदत बसावं लागतं. खाली भराव असेल, मुरूम आणि विटांचे तुकडे निघत असतील तर खोल जायच्या भानगडीत पडू नका, वरच 9 इंच उंच गादीवाफा करा, 2 भाग लाल माती, 1 भाग शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं खत. रुंदी 3 फूट, म्हणजे दोन्हीकडून मधपर्यंत हात पोचतो. वाफ्यांमध्ये चर हवाच, नाहीतर जुलैत मुळं कुजलीच समजा.

मृगाचा पाऊस पडला की भेंडी, दोडकी, काकडी टोका, म्हणजे एकेक बी मातीत खोचा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, वेलांना कंपाउंडलगत बांबू आणि नायलॉनची जाळी. मेथी-कोथिंबीर आत्ता नको, धो धो पावसात बी वाहून जातं, ऑक्टोबरनंतर पेरा (धने लाटण्याने हलकेच रगडून दोन फोडी करून). पावसात पालेभाजी हवी तर मायाळू आणि अळू. अळू सावलीच्या, पाणी मुरणाऱ्या कोपऱ्यातही मस्त येतं, वड्यांना काळ्या देठाचं, फतफद्याला हिरव्या देठाचं, कंद शेजारीपाजारी मागितले तरी मिळतात.

दोडक्यावर फळमाशी येते. सालीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, तिथे डिंकासारखा थेंब, कापलं की आत वळवळणाऱ्या अळ्या! फूल गळून फळ करंगळीएवढं झालं की जुन्या ओढणीची पातळ पिशवी शिवून त्यावर बांधा, टोचलेली फळं वाफ्यात पडू देऊ नका कारण अळी मातीत जाऊन तिथेच कोष करते. मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडं साबणपाणी, उघडीप बघून संध्याकाळी फवारा. गोगलगायींना औषध वगैरे नको, रात्री टॉर्च घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका, हातात ग्लोव्ह्ज मात्र घाला.

भेंडी लागली की दिवसाआड तोडा, एक दिवस जास्त राहिली तरी जून होते, आणि झाडावर जून भेंड्या राहिल्या की नवीन फुलं कमी येतात.